१२० तास, २२४ पानं : एम.ए. मराठीच्या एका ओजेटीचं प्रकरण

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) 'ऑन जॉब ट्रेनिंग' (ओजेटी) किंवा क्षेत्रीय प्रकल्प आला. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. रसायनशास्त्राच्या मुलांना एमआयडीसी होती, कॉमर्सच्या मुलांना सीएचं ऑफिस होतं. मराठीच्या मुलांनी जायचं कुठं, हा प्रश्न विभागप्रमुखांपासून मुलांपर्यंत सगळ्यांना पडला. बऱ्याच ठिकाणी त्यावर सोपा तोडगा निघाला: ओळखीच्या वाचनालयातून किंवा साप्ताहिकाच्या कचेरीतून शिक्क्याचा कागद आणायचा आणि मोकळं व्हायचं.

इथं मांडलेलं प्रकरण तसं नाही. त्यातली विद्यार्थिनी खरोखर कामाला गेली, तरीही गोष्टी बिघडल्या. कुठं बिघडल्या ते पाहणं जास्त उपयोगाचं आहे. प्रकरण कुणा एकीचं नाही. अशा अनेक ओजेटींमधले तपशील एकत्र करून ते बांधलं आहे, त्यामुळे यातली पानं आणि तासही त्या जुळणीचाच भाग समजावेत. माणसं आणि संस्था मुद्दाम बिननावाच्या ठेवल्या आहेत.

विद्यार्थिनी भुदरगड तालुक्यातली, कोल्हापुरात वसतिगृहात राहणारी. सकाळी तास, दुपारी मोकळी. ठिकाण शहरातलंच, स्वतःचा छापखाना असलेल्या एका छोट्या प्रकाशकाचं. खाली मशीन, वर कचेरी, संगणकावर पानं लावणारा एक डीटीपी ऑपरेटर, एक हिशेबनीस आणि स्वतः मालक. मानधन ठरलेलं नव्हतं. (मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून किंवा पीएम इंटर्नशिप योजनेतून या काळाचे पैसे मिळतील का, असं मुलं हमखास विचारतात. नाही. दोन्ही योजना मुख्यतः शिक्षण संपलेल्यांसाठी आहेत, पहिल्या वर्षाच्या नियमित विद्यार्थ्यांना त्या लागू होत नाहीत.)

पहिले सहा दिवस

महाविद्यालयाचं पत्र ठरावीक साच्याचं होतं. 'आमच्या विद्यार्थिनीस आपल्या संस्थेत १२० तास प्रशिक्षणाची संधी द्यावी व आपणास योग्य वाटेल ते काम द्यावे, ही विनंती.' मालकांनी पत्राचा शब्द पाळला. त्यांना त्या आठवड्यात योग्य वाटलेलं काम म्हणजे गोदाम लावणं. नव्या पुस्तकांचे गठ्ठे मोजायचे, सुतळीनं बांधायचे, वर नाव-संख्या लिहायची. हिशेबनीस जेवायला गेला की काउंटरवर बसून पावत्या फाडायच्या. सहा दिवस, २७ तास, म्हणजे एकूण वेळेचा जवळजवळ पाव भाग यातच गेला.

मालक मुलीला राबवून घेत होते, असा अर्थ यातून काढायला नको. छोट्या छापखान्यात मालकासकट सगळेच गठ्ठे बांधतात. चूक पत्रात होती. 'योग्य वाटेल ते काम' लिहिलं की त्या दिवशी जे अडलंय ते काम पदरात पडतं, मग ते विषयाशी जुळो वा न जुळो. पत्रात कामाची नावं लागतात: मुद्रितशोधन (प्रूफ वाचून चुका दुरुस्त करणं), मलपृष्ठाचा म्हणजे मागच्या कव्हराचा मजकूर, सूची, युनिकोड रूपांतर तपासणी (जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर तपासणं). शिवाय किती तास कशाला, हेही. चार ओळींचं काम, पण ते न केल्यामुळे सहा दिवस गेले.

या सहा दिवसांत एक गोष्ट तिच्या हाताखालून गेली आणि तिला कळलीच नाही. नुकत्याच निघालेल्या एका पुस्तकाच्या प्रती तिनं चार वेगवेगळ्या पत्त्यांवर पाठवायला बांधल्या: कोलकाता, मुंबई, चेन्नई, दिल्ली. तिला वाटलं, गिऱ्हाइकांची मागणी असेल. प्रत्यक्षात १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानं प्रकाशकाला प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चानं पाठवावी लागते. पुस्तकव्यवहारावरच्या प्रश्नपत्रिकेत शोभेल असा हा मुद्दा तिनं सुतळीनं बांधला आणि रोजनिशीत लिहिलं, 'पार्सल पॅकिंग केले.' हे का पाठवतात, एवढं विचारलं असतं तर तो दिवस वाया गेला नसता. विचारायला हवं, हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तासांचा हिशेब

सातव्या दिवशी महाविद्यालयातले मार्गदर्शक भेटीला आले आणि रोजनिशी उघडली. वेळ रोज 'दुपारी १ ते ६', बेरीज रोज '५ तास'. २४ दिवसांत १२० तास पूर्ण, असा तिचा आराखडा. मध्ये चहा-खाण्याची अर्ध्या तासाची सुट्टी होती, ती धरलीच नव्हती. खरे तास रोज साडेचार. २४ दिवसांचे होतात १०८ आणि तूट राहते १२ तासांची. ही तूट सहसा शेवटच्या आठवड्यात, प्रमाणपत्रावर सही घेताना उघडकीला येते. मग एक तर खोटी बेरीज होते, नाही तर सत्र संपत आलेलं असताना धावपळ. इथं ती वेळेवर कळली म्हणून तीन दिवस वाढवून घेता आले: दोन पूर्ण दिवसांचे ९ तास आणि शेवटच्या दिवसाचे ३.

त्याच भेटीत कामही बदललं. मालकांना सरळ विचारल्यावर ते म्हणाले, कादंबरीचं पहिलं प्रूफ आलंय, पण मुलीला जमेल का? मुद्रितशोधनाचं काम मागितल्याशिवाय मिळत नाही, कारण चुकलं तर पुस्तक छापून झाल्यावर कळतं आणि नाव प्रकाशकाचं खराब होतं. पहिले दोन दिवस जुन्या, छापून झालेल्या पुस्तकांची प्रुफं सरावाला देण्याचं ठरलं. मालकांनी ती तिला दिली आणि तिच्या खुणा जुन्या शोधकाच्या खुणांशी ताडून पाहिल्या. छोट्या ठिकाणी यापेक्षा चांगली प्रवेशपरीक्षा नाही.

लाल पेन

कादंबरी डेमी आकाराची, २२४ पानांची. १६ पानांचा एक फॉर्म, असे १४ फॉर्म. पहिलं प्रूफ वाचायला नवख्या माणसाला तासाला दहा पानं हा बरा वेग. रोजनिशीही आता बदलली होती. नवव्या दिवशी पानं १ ते ३२. दहाव्याची नोंद अशी:

'पृ. ३३–७६. १.०५ ते ६.०५, सुट्टी ३० मि. = ४.५ तास. दुरुस्त्या ६१: ऱ्हस्व-दीर्घ २९, रफार १४, सुटलेले शब्द ५, विरामचिन्हे १३. पृ. ४१ वर एक ओळ दोनदा. शंका ३, ऑपरेटर दादांना विचारल्या.'

पुढं अहवाल, तोंडी परीक्षा आणि बायोडेटा, सगळ्याला अशाच नोंदी पुरल्या. पहिल्या आठवड्यातल्या 'प्रूफ रीडिंगविषयी माहिती घेतली' छापाच्या ओळींतून काहीच हाती लागत नाही.

रफाराच्या १४ चुका एकाच कारणानं आल्या होत्या. लेखकानं अर्धी कादंबरी मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहिली होती, अर्धी जुनी प्रकरणं श्री-लिपी या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेली होती. दोन्ही एकत्र करताना रूपांतर करावं लागलं आणि त्यात अर्धा र बऱ्याच ठिकाणी रफार होऊन बसला. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं तर नुसतं वाईट दिसतं. पण 'दऱ्या'चं 'दर्या' झालं की सह्याद्रीत समुद्र येतो, आणि लग्नघरातल्या आचाऱ्यांना बोलावलं तर आचार्यांना बोलावल्यासारखं होतं. संगणकाची शुद्धलेखन तपासणी इथं मदत करत नाही, कारण 'दर्या' आणि 'आचार्यांना' हे दोन्ही शब्द शुद्धच आहेत. डोळ्यांनीच वाचावं लागतं.

यातच आणखी एक खोच आहे. ऑपरेटरनं 'शोधा आणि बदला' वापरून सगळे अर्धे र एकदम तपासायचा प्रयत्न केला, तर निम्मेच सापडले. युनिकोडमध्ये 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्ता असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चीही तीच गत: एक अखंड अक्षर, दुसरं 'अ'वर चंद्र दिलेलं. म्हणून शोध दोनदा घ्यायचा, दोन्ही रूपांचा. मराठीचा विद्यार्थी हे शिकून बाहेर पडला तर छापखान्यात, वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर, भाषांतराच्या कंपनीत, कुठंही त्याचा उपयोग होतो. अभ्यासक्रमात मात्र हे कुठंच नसतं.

ऱ्हस्व-दीर्घात तिचा हात बरा होता. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ नियम बी.ए.ला पाठ झालेले. पण नियम पाठ असणाऱ्याची चूक वेगळी असते: तो बरोबर शब्दही सुधारतो. शेवटचा इकार दीर्घ, म्हणून तिनं 'कविसंमेलन'चं 'कवीसंमेलन' केलं. सामान्यरूपात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर ऱ्हस्व होतं (बहीण, बहिणीला), म्हणून 'परीक्षेला'चं 'परिक्षेला'. दोन्ही ठिकाणी मूळचं बरोबर होतं, कारण तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द समासात आपली मूळ वेलांटी राखतात आणि सामान्यरूपात त्यांची उपान्त्य वेलांटी बदलत नाही. शंका आली की लाल पेन खाली ठेवून कोश उघडायचा, ही सवय पहिल्या आठवड्यात लागली तर लागते.

संवादांना हात लागला

पाच दिवसांत २२४ पानं झाली: ३२, ४४, ४८, ४८, ५२. आकडे वाचताना कौतुक वाटतं, पण खरा इशारा त्यांतच आहे. वेग वाढत गेला तसं लक्ष कमी होत गेलं. पुढं दुसऱ्या प्रुफात सापडलेल्या सुटलेल्या चुका बहुतेक शेवटच्या तीन फॉर्ममधल्या, म्हणजे पान १७७ पासूनच्या निघाल्या. सरावलेले शोधक दिवसाला फॉर्मची मर्यादा घालून घेतात, ती याच कारणानं.

मोठा घोळ मात्र चौदाव्या दिवशी कळला. दुरुस्त प्रूफ लेखकाकडे गेलं आणि त्यांचा फोन आला. त्यांचा सवाल एकच होता: राधानगरीकडच्या म्हातारीच्या तोंडी ही शाळामास्तरची भाषा कुणी घातली? हस्तलिखितात होतं, 'कुठं गेलतास रं?' प्रुफात झालं होतं, 'कुठे गेला होतास रे?' 'मला काय म्हाईत न्हाई' हे 'मला काही माहीत नाही' झालं होतं. अशा ४० जागा. गंमत म्हणजे मुलगी भुदरगडची, घरी हीच भाषा बोलणारी. पण बी.ए.पासून हीच भाषा खोडायची सवय लागलेली. हातात लाल पेन आलं तेव्हा तिनं तेच केलं. याबद्दल तिला बोल लावणं सोपं आहे. संवादातली बोली जशीच्या तशी ठेवायला प्रमाणलेखनाच्या नियमांचीही आडकाठी नाही, हे तिला वर्गात कुणी सांगितलं होतं का, हेही विचारायला हवं.

निस्तरायला सहा तास लागले. ती आणि ऑपरेटर शेजारी बसले. तिनं हस्तलिखितातलं वाक्य मोठ्यानं वाचायचं, त्यानं पडद्यावर परत घालायचं. ऑपरेटरला पैसे पानावर मिळतात, दुरुस्ती उलटवण्याचे वेगळे मिळत नाहीत. त्याची चिडचिड रास्तच होती. मालकांनी त्या दिवशी तिला दोन नियम सांगितले, आणि पूर्ण ओजेटीतला सर्वांत मोलाचा अर्धा तास तोच म्हणावा लागेल. पहिला: चूक आणि शंका वेगळ्या. चूक असेल तर लाल पेनानं दुरुस्त करायची. शंका असेल तर मजकुराला हात न लावता पानाच्या कडेच्या समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करायचं आणि दोन शब्दांत विचारायचं: 'मुद्दाम?' किंवा 'पृ. १२ वर वेगळं'. दुसरा: पुस्तक हाती घेतलं की एक कागद शेजारी ठेवायचा आणि घेतलेला प्रत्येक निर्णय त्यावर लिहायचा.

तो कागद म्हणजे शैलीपत्रक. तिनं केलेलं ए-फोर आकाराच्या एका पानात मावलं. निवेदनात 'केले, झाले', संवादात जसं असेल तसं. आकडे देवनागरी. महिन्यांची नावं 'जानेवारी, फेब्रुवारी' अशीच. तालीम, वाडा, पाणंद या शब्दांना अवतरणचिन्हं नकोत. एका पात्राचं नाव पहिल्या प्रकरणात 'गोंदा' आणि नवव्यात 'गोविंदा' आहे, लेखकाला विचारणे. (विचारलं. दोन्ही मुद्दाम होती; आई हाक मारते तेव्हाच तो गोंदा.)

दुसरं प्रूफ ९ तासांत झालं, कारण ते पुन्हा वाचायचं नसतं, पडताळायचं असतं. पहिल्या प्रुफावरची प्रत्येक लाल खूण दुसऱ्यावर उतरली का, एवढंच पाहायचं. शिवाय जिथं ओळ दुरुस्त झाली तिथून परिच्छेदाच्या शेवटापर्यंत वाचायचं, कारण एक शब्द वाढला की पुढच्या ओळी सरकतात आणि पानाच्या तळाचा शब्द पुढच्या पानावर जातो किंवा मधल्यामध्ये गायब होतो.

कागदपत्रं आणि तोंडी परीक्षा

उरलेले दिवस दुसऱ्या एका हस्तलिखिताची रूपांतर-तपासणी, कादंबरीच्या मलपृष्ठाचा १२० शब्दांचा मजकूर आणि आयएसबीएनचा (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचा) अर्ज यांत गेले. हा अर्ज राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या पोर्टलवर करायचा असतो आणि क्रमांक विनाशुल्क मिळतो. मलपृष्ठाचा मजकूर चार वेळा लिहावा लागला. पहिल्या मसुद्यात शेवट फुटला होता.

अहवालात एक चूक होता होता राहिली. पुरावा म्हणून तिनं लाल खुणांच्या सहा पानांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. कादंबरी तेव्हा बाजारात आलेली नव्हती. अप्रकाशित मजकूर महाविद्यालयाच्या कपाटात किंवा एखाद्याच्या व्हॉट्सॲपवर जाणं प्रकाशकाला चालत नाही, लेखकाला तर मुळीच नाही. मालकांनी हरकत घेतल्यावर ती पानं काढली आणि त्या प्रकारच्या चुका दाखवणारी तिनं स्वतः रचलेली वाक्यं जोडली. परीक्षकाला तेवढं पुरतं.

प्रमाणपत्राचा पहिला मसुदा 'प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण केले' एवढाच होता. दुसऱ्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास, कामांची नावं आणि सही करणाऱ्याचं पद आलं. या चारांपैकी एक जरी नसेल तर गुण भरताना अडतं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कादंबरी बाजूला ठेवली आणि पहिल्या सहा दिवसांवर बोट ठेवलं: गठ्ठे बांधून काय शिकलात? तोवर तिनं त्या चार पार्सलांचं कारण मालकांना विचारून घेतलेलं होतं. ग्रंथप्रदानाचं उत्तर तिनं नीट दिलं. सहावा फॉर्म आणि सातवा फॉर्म यांच्या सांध्यावर काय तपासतात, हे मात्र सांगता आलं नाही. (मागच्या पानाचा शेवटचा आणि पुढच्या पानाचा पहिला शब्द.)

बायोडेटातली तिची पहिली ओळ होती, 'प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधनाचा अनुभव.' ती बदलून अशी झाली: '२२४ पानांच्या ग्रामीण कादंबरीचं पहिलं व दुसरं प्रूफ, शैलीपत्रक तयार केलं, श्री-लिपीतून युनिकोडमध्ये आलेल्या मजकुराची तपासणी, मलपृष्ठाचा मजकूर.' सेट-नेट आणि पुढं तासिका तत्त्व एवढाच रस्ता डोळ्यांपुढं असलेल्या मराठीच्या विद्यार्थ्याला ही ओळ वर्तमानपत्राच्या किंवा भाषांतर संस्थेच्या चाचणीपर्यंत नेते. तिथं पुढ्यात एक पान ठेवतात आणि वीस मिनिटं देतात. चुका किती पकडल्या हे तर मोजतातच, पण बरोबर असलेलं किती बिघडवलं हेही मोजतात.

पुढच्या तुकडीसाठी महाविद्यालयानं पत्र बदललं. 'योग्य वाटेल ते काम' गेलं. त्या जागी आलं: मुद्रितशोधन किमान ५० तास, युनिकोड तपासणी २५, मलपृष्ठ व जाहिरात मजकूर १०, विक्री व गोदाम जास्तीत जास्त १५, उरलेले तास संस्थेच्या सोयीनं. सोबत शैलीपत्रकाचा कोरा नमुना. मालकांनी स्वीकृतिपत्र दोन दिवसांत पाठवलं, तासांची वाटणी जशीच्या तशी मान्य केली आणि 'दोन विद्यार्थी' या शब्दांवर लाल रेघ मारून समासात लिहिलं, 'एकच. टेबल एक आहे.'